‘कुठे निघालात?’ आणि दाराला अडकवलेली पिशवी

पत्र थोडक्यात असं: पत्र लिहिणारी मुलगी 29 वर्षांची, पुण्याची. जपानी भाषा पुण्यातच शिकली आणि गेल्या वर्षीच्या ऑगस्टपासून जेट कार्यक्रमातून, म्हणजे परदेशी तरुणांना शाळांत भाषा शिकवायला बोलावणाऱ्या जपानी सरकारी योजनेतून, पश्चिम जपानमधल्या एका लहान गावात दोन शाळांमध्ये साहाय्यक इंग्रजी शिक्षिका आहे. दुमजली इमारत, आठ बिऱ्हाडं, वरच्या मजल्यावरच्या एका घरात ती एकटी राहते. शाळेत मन रमतं, त्रास होतो तो घरी परतल्यावर. शेजारच्या आजी तिला बाहेर पडताना बघून दर वेळी विचारतात, ‘कुठे निघालात?’ ती बँक, औषधाचं दुकान, सगळं सांगते आणि मग चिडते. एकदा तिची कचऱ्याची पिशवी कचरा उचलणाऱ्यांनी पिवळा कागद चिकटवून तशीच मागे ठेवली आणि संध्याकाळी तिच्या दारात आली. पत्रपेटीत ‘सर्व रहिवाशांना विनंती’ असा रात्रीच्या आवाजाबद्दलचा छापील कागद आला. ‘माझ्याकडे टीव्हीसुद्धा नाही. जेवणं आटोपली की आई-बाबा फोन करतात, तेवढंच बोलणं. तरी तो कागद माझ्यासाठीच होता असं वाटत राहतं.’ खालच्या मजल्यावरच्या बाईंचा मुलगा तिच्याच वर्गात आहे. आठवड्यातून तासभर त्याचं इंग्रजी घ्याल का, असं त्यांनी विचारलं आहे. सुपरमार्केटमध्ये गेली की मुलं तिच्या टोपलीत डोकावतात. आणि परवा दाराच्या मुठीला कुणीतरी काकी नावाच्या केशरी जपानी फळांची कापडी पिशवी अडकवून गेलं. चिठ्ठी नाही, नाव नाही. ‘ताई, या लोकांना मी हवी आहे की नको, तेच कळत नाही. पुढच्या वर्षी राहणार का ते हिवाळ्यात कळवायचं आहे. टोकियोतल्या निशी-कासाइला मराठी माणसं आहेत, तिकडे नोकरी शोधू की सरळ पुण्याला येऊ?’

प्रिय मैत्रिणी,

तू मला ताई म्हणतेस, तेव्हा मीही तुला अगं म्हणूनच लिहिते.

आधी आजींचा प्रश्न घेऊ. त्या ‘ओदेकाके देस का’ असंच म्हणत असणार. आता तू पुण्यातला तुमचा जिना आठव. खाली उतरताना पहिल्या मजल्यावरच्या काकू दारातून म्हणतात, ‘काय, निघालीस का?’ तू म्हणतेस, ‘हो, इथेच जरा.’ काकू ‘बरं बरं’ म्हणून आत जातात. ‘इथेच’ म्हणजे कुठे, हे काकूंनी आजवर कधी विचारलं आहे का? जपानीत याचं उत्तर ठरलेलं आहे, ‘चोत्तो सोको मादे’. शब्दशः आपलं ‘इथेच जरा, जवळच’. हा प्रश्न नसून नमस्कार आहे. तू मात्र त्याला बँकेचा आणि औषधांचा हिशोब देत आलीस आणि तो हिशोब आजींनी मागितला असं समजून चिडलीस.

तू वर्गात शिरल्यावर ‘हाऊ आर यू’ म्हणतेस तेव्हा पस्तीस मुलं एका सुरात ‘आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू?’ म्हणतात. त्यातल्या एखाद्याने उठून आपल्या पोटदुखीचं वर्णन सुरू केलं तर तू काय करशील? त्याला प्रेमाने समजावशील की बाळा, इथे तब्येत कुणी विचारलेली नाही. भाषेच्या शिक्षकाला हे वर्गात लगेच उमगतं. जिन्यात मात्र आपण दमलेले असतो, एकटे असतो आणि पुस्तकातला अर्थच कानाला लागतो. माझंही तसंच झालं होतं. तिशीत मी दोन वर्षं जपानमधल्या एका लहान शहरात हिंदी शिकवत होते. पहिले सहा महिने शेजारणीला टाळण्यासाठी मी दाराच्या भिंगातून बघून मगच बाहेर पडायची. ते दिवस आठवले की अजून वाईट वाटतं, कारण त्या बाई फार चांगल्या होत्या आणि माझे सहा महिने फुकट गेले.

आवाजाच्या कागदाबद्दल मात्र तुला न आवडणारी गोष्ट सांगते. तो बहुधा तुझ्याचसाठी होता. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतं. पुण्यात आई-बाबांची जेवणं आटोपून नऊ वाजता फोन आला, की तुझ्याकडे रात्रीचे साडेबारा झालेले असतात. आपण घरच्यांशी बोलताना, आणि त्यातून नेटवर्क तुटत असलं तर, कुठल्या पट्टीत बोलतो ते तुला ठाऊक आहे. ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ हे वाक्य साडेबारा वाजता, लाकडी चौकटीच्या इमारतीत, पातळ भिंतीपलीकडे कुणी झोपलेलं असताना कसं ऐकू जात असेल याचा विचार कर. तू आवाज करतेस असं तुला वाटलंच नाही, कारण आईशी बोलण्याला आपण आवाज म्हणत नाही.

‘समोर येऊन सांगायला काय झालं होतं?’ असा प्रश्न तुझ्या मनात आहे. आपल्याकडे गॅलरीतून ओरडून सांगतात, दोन दिवस अबोला राहतो आणि तिसऱ्या दिवशी विरजण मागायला येतात. तिथे तक्रार घरमालकाच्या किंवा एजंटाच्या कार्यालयातून, सगळ्यांच्या नावाने, छापून येते. तुला एकटीला खाली बघायला लागू नये, याची ती सोय आहे. मलाही ही पद्धत थंड वाटायची, आणि खरं सांगायचं तर अजूनही थोडी वाटते. पण तिच्यात एक सवड असते. तू काहीही कबूल न करता सवय बदललीस की प्रकरण तिथेच मिटतं. रविवारी तुझ्याकडचे साडेअकरा म्हणजे पुण्यात सकाळचे आठ, चहाची वेळ. आठवड्यात शाळेतून आल्यावर साडेपाचला फोन केलास तर तिकडे दुपारचे दोन. आईची झोपायची वेळ असते म्हणून ती कुरकुरेल, पण ऐकेल. रात्रीचा कपडे धुण्याचा यंत्राचा घरघराटही आठनंतर नको, आणि चटणी वाटताना मिक्सरखाली जाड टॉवेलची घडी ठेव. शेजारची गादी किंवा कपडे बाहेर वाळत असतील तर हिंग-मोहरीची फोडणी त्या वेळी खिडकी बंद ठेवून कर. फोडणीची लाज वाटून घेऊ नकोस. धुतलेल्या चादरीला कुठलाच वास नको असतो, मग तो सुकट भाजल्याचा असो की हिंगाचा.

कचऱ्याचं दुखणं जपानमध्ये राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नगरपालिका दर वर्षी त्याचं वेळापत्रक काढते. जळणारा कचरा, न जळणारा, प्लॅस्टिक, पेट बाटल्या, काच आणि डबे, प्रत्येकाचा वार वेगळा, आणि बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी सकाळी साधारण आठच्या आत पिशवी ठेवायची असते. आदल्या रात्री ठेवली तर कावळे आणि मांजरं ती फोडतात, म्हणून वर जाळी असते. बाटलीचं झाकण आणि वेष्टन काढून वेगळं टाकायचं, बाटली विसळायची. दुधाचा खोका धुऊन, कापून, सपाट करायचा. भाजीची सालं पाणी निथळल्यावरच बांधायची. आपल्या स्वयंपाकात सालं फार निघतात, तेवढं लक्षात ठेव. तुझी पिशवी कुणी तुझ्या दारात आणून ठेवली त्याचा तुला अपमान वाटला. मला त्यात आणखी एक शक्यता दिसते. ती तिथेच राहिली असती तर ज्यांची त्या आठवड्यात जागा झाडायची पाळी होती, त्यांना ती सांभाळावी लागली असती, आणि दुपारभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने ती बघितली असती. कुणीतरी ती उचलून आणली. जिव्हाळ्याने आणली की वैतागाने, हे मला इथून सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही असेल.

यावर एक उपाय मी खात्रीने सांगू शकते. वेळापत्रक हातात घेऊन आजींचं दार वाजव आणि म्हण, ‘मला हे नीट समजत नाही, एकदा दाखवाल का?’ तुला जपानी वाचता येतं, वेळापत्रक तुला समजेलही. तरी जा. शिकवण्यात किती आनंद असतो ते तू रोज अनुभवतेस. तोच आनंद आजींना मिळू दे. ज्याला आपण काही शिकवलं त्याच्याबद्दल आपल्या मनात जी माया येते, ती तू वर्गातल्या मुलांबद्दल लिहिली आहेसच.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते. ‘यांना मी हवी आहे की नको?’ मला वाटतं हा प्रश्नच तुला थकवतो आहे. आपल्या मराठी मनात शेजार म्हणजे आधी ओढ. घरात ये, बस, चहा घे, आणि कामाचं मग बघू. तिथे शेजाराची सुरुवात कामापासून होते. झाडायची पाळी, घरोघर फिरणारी सूचनांची फाइल वाचून सही करून पुढच्या दारी देणं, वर्षातून एकदा मिळून गटार साफ करणं. ओढ मागाहून येते, आणि आली तरी बोलून दाखवली जात नाही. हे फक्त जपानचं नाही. जर्मनीत श्टुटगार्टच्या भागात शिकवणाऱ्या एका वाचकाने मला असंच लिहिलं होतं. तिकडे जिना झाडण्याची पाळी आठवड्यागणिक बदलते आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. ती पाटी बघून त्याला आधी शिक्षा झाल्यासारखं वाटलं. पुढे तीच पाटी हातात घेऊन तो शेजाऱ्याच्या दारी पहिल्यांदा बोलायला उभा राहिला. परक्या देशात राहणाऱ्यांना मी म्हणूनच सांगते की ‘मी यांना आवडते का’ हा प्रश्न वर्षभर बाजूला ठेवा आणि ‘माझी पाळी कधी आहे’ हे विचारा.

पण सगळे गैरसमजच आहेत असं सांगून मी तुझी समजूत काढणार नाही. परदेशी म्हणून नकार मिळणं जपानमध्ये खरोखर घडतं. 2017 मध्ये तिथल्या न्याय मंत्रालयाने परदेशी रहिवाशांची पाहणी प्रसिद्ध केली. आधीच्या पाच वर्षांत ज्यांनी घर शोधलं होतं, त्यांच्यापैकी सुमारे 40 टक्के लोकांनी परदेशी असल्यामुळे घर नाकारलं गेल्याचं सांगितलं. म्हणून एक कसोटी देते. जी गोष्ट सगळ्यांना लागू आहे ती तुलाही लागू झाली, तर तो नियम. इतरांना माफ असलेली गोष्ट फक्त तुला बोलून दाखवली जात असेल, देशावरून किंवा रंगावरून टोमणा येत असेल, कुणी दारापर्यंत मागे येत असेल, तर तारीख-वेळ लिहून ठेव आणि शिक्षण मंडळातल्या तुझ्या वरिष्ठांना त्याच आठवड्यात सांग. तुझ्या पत्रात मला असं काही दिसलं नाही. पण पत्रात सगळं लिहिलं जातंच असं नाही, म्हणून सांगून ठेवते.

त्या मुलाच्या शिकवणीचं उत्तर मात्र लवकर दे, कारण टांगून ठेवलेला होकार नकारापेक्षा जास्त दुखवतो. तुझा करार नगरपालिकेशी आहे आणि व्हिसा शाळेतल्या नोकरीचा. पैसे घेऊन बाहेर शिकवायचं तर नोकरी देणाऱ्यांची परवानगी लागते आणि इमिग्रेशनचीही वेगळी परवानगी लागते. फुकट शिकवलंस तरी तो मुलगा तुझ्याच वर्गातला आहे. उद्या दुसरी आई विचारेल, आणि तिला काय सांगशील? बाईंना म्हण, ‘शाळेत विचारल्याशिवाय मला ठरवता येत नाही.’ हे खरंही आहे आणि तिथे समजूनही घेतलं जातं. मग वरिष्ठांना विचारून बघ, महिन्यातून एक शनिवार गावातल्या कोमिनकानमध्ये, म्हणजे सार्वजनिक सभागृहात, सगळ्या मुलांसाठी तासभर इंग्रजी खेळ घेता येतील का. त्या बाईंनाच खोली मिळवण्याच्या कामात घे. तुझी मदतही झाली आणि तुझ्या घराचा उंबरठाही तुझा राहिला.

सुपरमार्केटमध्ये टोपलीत डोकावणाऱ्या मुलांबद्दल मी फार काही म्हणणार नाही. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत बदलून आलेल्या बाई बाजारात काय घेतात हे गावातल्या पोरांना पाठ असतं. लहान गावात शिक्षक चोवीस तास शिक्षक असतो. फारच झालं तर दोन स्टेशनं पुढच्या दुकानात जा. त्यात पळपुटेपणा नाही.

आता त्या पिशवीबद्दल. तुझ्या पत्रातली मला सर्वात आवडलेली गोष्ट तीच आहे आणि तू ती शेवटी, दोन ओळींत, संशयाने लिहिलीस. शरदात काकीचं झाड असं लगडतं की एका घराला ती फळं संपत नाहीत. मग ती वाटली जातात. याला ‘ओसुसोवाके’ म्हणतात, आपल्याला मिळालेल्यातलं थोडं दुसऱ्याला देणं. मालवणात अंगणातला फणस उतरवला की गरे शेजारी जातात, तसंच. चिठ्ठी नसते, कारण चिठ्ठी लिहिली की तुझ्यावर परतफेडीचं ओझं येतं. तू घरी नसताना अडकवली, म्हणजे तुला दारात उभं राहून आभार मानण्याचा त्रासही दिला नाही.

माझी शेजारीण, जिला मी भिंगातून बघून टाळायची, तिने एकदा लाखेच्या डब्यात तांबडा भात आणून दिला. नातवाचा काहीतरी आनंदाचा प्रसंग होता. मी डबा धुतला, पुसला आणि परत करायला निघाले. दारातच माझा हात थांबला. आमच्या वाड्यात शेजारून आलेली वाटी आईने कधी रिकामी पाठवली नाही. काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालायची. मी परत आत गेले आणि डब्यात चहाच्या पाच-सहा पुड्या ठेवल्या. तिने झाकण उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘हे तुम्हाला कुणी शिकवलं?’ मग तिने सांगितलं की त्यांच्याकडेही जुन्या पद्धतीत भांडं रिकामं परत करत नाहीत. काडेपेटी किंवा कोऱ्या कागदाचे दोन ताव तरी घालतात. त्याला ‘ओउत्सुरि’ असा शब्दही आहे. हल्लीच्या तरुणांना तो माहीत नाही, असं तिने जरा खंतावून म्हटलं. मी म्हटलं, आमच्याकडे साखर घालतात. त्या दिवशी आम्ही दोघी तिच्या ओट्यावर बसून तासभर बोललो. व्याकरणाच्या किती चुका केल्या असतील मी, आठवतही नाही.

तेव्हा तूही काहीतरी घाल, पण लहानसं. मोठी भेट दिलीस तर समोरच्याला त्याची परतफेड शोधत बसावी लागते आणि ते चक्र थांबत नाही. बेसन तिथे सहज मिळत नाही, पण किनाको, म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, कुठल्याही दुकानात मिळतं आणि त्याची चव त्यांच्या ओळखीची आहे. तूप-साखर घालून त्याचे छोटे लाडू छान होतात, गोड जरा कमी ठेव. किंवा तीळ आणि ओकिनावाची काळी साखर घेऊन संक्रांतीसारखे तिळाचे लाडू कर. काळ्या साखरेला आपल्या गुळासारखाच वास असतो. चार-चार लाडू पुरे. सोबत छोट्या कागदावर जपानीत काय काय घातलं आहे ते लिही, कारण कुणाला दाणे किंवा दूध चालत नसेल.

चौदा महिन्यांपूर्वी राहायला आलीस तेव्हा शेजाऱ्यांकडे ओळख सांगायला गेली नव्हतीस, याची तुला आता खंत वाटते. समोरची तीन आणि दोन्ही बाजूंची एकेक, अशा घरांत छोटा टॉवेल किंवा साबण घेऊन जायची जुनी पद्धत आहे. हल्ली शहरांत बरेच जण जात नाहीत, तेव्हा तुझा मोठा गुन्हा झाला असं काही नाही. डिसेंबरात पुण्याला येणार असशील तर निघण्यापूर्वी शेजारी सांगून जा, आणि येताना इथून चहा किंवा चिक्की ने. त्या निमित्ताने उशिराची ओळखही होऊन जाईल.

आणि घरमालकाला विचार की तुमची इमारत वस्तीच्या मंडळात, चोनाइकाइमध्ये, येते का. सभासद होणं ऐच्छिक असतं आणि वर्गणी थोडी असते. ते फार करावंसं वाटलं नाही तरी भूकंपाच्या सरावाला मात्र नक्की जा. 1 सप्टेंबर हा तिथे आपत्ती निवारणाचा दिवस असतो, 1923 च्या कांतो भूकंपाची ती तारीख, आणि त्या सुमाराला गावोगाव सराव होतात. 17 जानेवारी 1995 ला पहाटे 5 वाजून 46 मिनिटांनी कोबेला भूकंप झाला. ढिगाऱ्यातून ज्यांना बाहेर काढलं गेलं, त्यांतल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं, कारण अग्निशमनाच्या गाड्या सगळीकडे पोचू शकत नव्हत्या. तेव्हा कुठल्या खोलीत कोण झोपतं हे माहीत असणाऱ्या माणसाला किंमत होती. तू वर एकटी राहतेस. तू घरात आहेस की बाहेर, हे त्या इमारतीत एका तरी माणसाला ठाऊक आहे, या गोष्टीने मला तरी इथे बसून धीर येतो.

निशी-कासाइचं म्हणशील तर ती जागा चांगलीच आहे. 2000 च्या सुमाराला संगणक अभियंते तिथे राहायला आले आणि भारतीयांची वस्ती वाढली. त्याच एदोगावा भागातून 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक हा आपल्याकडचा माणूस नगरसेवक म्हणून निवडून आला. तिथे गेलीस तर मराठी कानावर पडेल, सणाला चार माणसं जमतील. एकटेपणावर हा खरा इलाज आहे, त्याला कमी लेखू नकोस. झोप उडाली असेल, शाळेतही मन लागेनासं झालं असेल, तर जरूर जा, किंवा पुण्याला ये. करार न वाढवणं म्हणजे हरणं नव्हे. पण पत्रात तू शाळेबद्दल एक पूर्ण पान लिहिलं आहेस आणि ते पान आनंदाचं आहे. म्हणून मला वाटतं, हिवाळ्यात उत्तर द्यायच्या आधीचे हे दोन महिने तू वेगळ्या तऱ्हेने राहून बघ. मधल्या एका लांब सुट्टीत निशी-कासाइला चार दिवस राहूनही ये. मग ठरव.

ती कापडी पिशवी तू टाकून दिली नसशील अशी आशा करते. फळं कडक असतील तर सोलून खा, मऊ झाली असतील तर चमच्याने. मग पिशवी धुऊन वाळव, तिच्यात लाडू ठेव आणि आजींचं दार वाजवून विचार, ‘ही पिशवी कुणाची असेल हो?’ त्यांना माहीत असेल. कदाचित त्यांचीच असेल.

तुझी,
ताई